नाटक कोणासमोर? : चार नव्या कृष्णवर्णीय नाटकांच्या निमित्ताने

दलित नाटकाविषयी आपल्याकडे आजवर जी चर्चा झाली ती प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरली. नाटक कोणाविषयी आहे, हा पहिला. आणि ते कोणी लिहिले आहे, हा दुसरा. चित्रण अस्सल की उसने, लेखक दलित की दलितेतर, जाणीव आंबेडकरी की केवळ भूतदयेची, यांवर परिसंवाद झाले, वाद झाले, संबंधही तुटले. ही चर्चा निरर्थक होती असे मी म्हणणार नाही. ती झाली नसती तर सहानुभूतीलाच बांधिलकी समजण्याची चूक आपण अजूनही करीत राहिलो असतो. परंतु तिसरा एक प्रश्न या गदारोळात मागे पडला. ते नाटक कोणासमोर होते? समोरच्या खुर्च्यांवर किंवा सतरंजीवर कोण बसलेले आहे, आणि लिहिताना लेखकाने कोणाला गृहीत धरले आहे?

हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात सापडला नाही. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन मी एक एकांकिका बसविली. लेखन माझेच होते. गावातील एका दलित कुटुंबावर हल्ला होतो, तरुण मुलगा मारला जातो, आई त्याच्या प्रेताजवळ बसून गावाला जाब विचारते आणि पडदा पडतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकांकिकेला पारितोषिक मिळाले. एका परीक्षकाने आपल्या भाषणात 'दाहक' हा शब्द दोनदा वापरला. मी खूश होतो. पुढे १४ एप्रिलच्या जयंतीला तीच एकांकिका आम्ही एका वस्तीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर केली. सुरुवातीला बायका आणि पोरे दाटीवाटीने बसलेली होती. हल्ल्याचा प्रसंग सुरू झाला तशा बायका एकेक करून उठू लागल्या. आरडाओरड नाही, निषेध नाही. पोर कडेवर घेऊन त्या मुकाट्याने घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आईचे काम करणारी मुलगी मला म्हणाली, "सर, हे काम आता मला नका देऊ. त्या बायांना माहीत नाही असं यात काय हाय?"

मला उत्तर देता आले नाही. मी ती एकांकिका परीक्षकांसाठी लिहिली होती, हे कबूल करण्याशिवाय गत्यंतर नव्हते. ज्यांच्या दुःखावर ती उभी होती त्यांना देण्यासारखे तिच्यात काही नव्हते. तेव्हापासून नाटक वाचताना मी हा तिसरा प्रश्न पुढे ठेवून वाचतो. अशा वाचनात अमेरिकेतील कृष्णवर्णीय नाटककारांची चार अलीकडची नाटके हाती आली. ती मी रंगमंचावर पाहिलेली नाहीत, संहिता वाचल्या आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्या वाचाव्यात यासाठी हा लेख.

अमेरिकेकडेच का पाहायचे, असे कोणी विचारील. हा धागा आपल्या परंपरेतलाच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंच्या वतीने जाणाऱ्या निवेदनाची विचारणा केली आणि डू बॉइस यांनी त्यांना उत्तर धाडले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य मराठी वाचकापर्यंत आणले. परंतु कविता आणि आत्मकथने जितकी आली तितके नाटक आले नाही.

याच डू बॉइस यांनी १९२६ मध्ये 'क्रायसिस' या मासिकातून कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीला चार कसोट्या लावल्या होत्या. ती आपल्याविषयी असावी, आपण निर्माण केलेली असावी, आपल्यासाठी असावी आणि आपल्याजवळ, म्हणजे आपल्या वस्तीत असावी. या कसोट्या वाचल्या तेव्हा मला आपला जलसा आठवला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले तेव्हा या चारही गोष्टी त्यांनी डू बॉइस न वाचता पार पाडल्या होत्या. पुढे आपले नाटक बंदिस्त रंगमंचावर गेले, राज्य नाट्य स्पर्धेत गेले, अभ्यासक्रमात गेले. हे जाणे आवश्यकच होते. 'घोटभर पाणी'सारख्या एकांकिका गावोगाव पोहोचल्या हेही खरे. तरीही एकंदरीत पाहता, पहिल्या दोन कसोट्या आपण जिंकल्या आणि शेवटच्या दोन वाटेत सांडल्या, असे मला वाटते. पुढील चार नाटके मी याच दृष्टीने मांडतो.

पहिले नाटक लिन नॉटेज यांचे 'स्वेट', म्हणजे घाम. २०१५ मध्ये ते प्रथम रंगमंचावर आले आणि २०१७ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाट्यलेखनाचे हे पारितोषिक दोनदा मिळविणारी नॉटेज ही पहिली स्त्री. पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग या कारखान्यांच्या शहरात लेखिका वारंवार गेली, तिथल्या माणसांशी बोलली आणि मग तिने हे नाटक लिहिले. घटनास्थळ बहुतांशी एक दारूचा गुत्ता. सिंथिया ही कृष्णवर्णीय आणि ट्रेसी ही गोरी, दोघी एकाच कारखान्यात वर्षानुवर्षे राबलेल्या जिवाभावाच्या मैत्रिणी. वरच्या जागेसाठी दोघीही अर्ज करतात. सिंथियाला बढती मिळते. त्या दिवसापासून ट्रेसीला मैत्रीण दिसेनाशी होते आणि तिचा रंग दिसू लागतो. ती लायकीने नव्हे, काळी आहे म्हणून चढली, ही कुजबुज सुरू होते. आपल्या वाचकांना ही कुजबुज वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. कोटा या शब्दाचा वास असलेले प्रत्येक स्टाफरूम तिला ओळखते. पुढे कंपनी यंत्रे हलविते, कामगारांना बाहेर काढते आणि आपल्याच मैत्रिणींना टाळेबंदीची बातमी देण्याचे काम सिंथियाच्या वाट्याला येते. शेवटी गोऱ्या-काळ्या तरुणांचा संताप ज्याच्यावर कोसळतो तो मालक नसतो. तो असतो गुत्त्यात भांडी उचलणारा, टाळेबंदीच्या काळात कारखान्यात कामावर गेलेला ऑस्कर नावाचा लॅटिन मुलगा.

हे नाटक वाचताना गिरणगाव डोळ्यांपुढे येते. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेले कामगार कुटुंब जयंत पवार यांनी 'अधांतर' या नाटकात उभे केले आणि ते नाटक मोठेच आहे. परंतु गिरणीची आणखी एक गोष्ट आहे. विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगार बाटला असता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. एकाच युनियनचे सभासद, एकाच भोंग्यावर उठणारे, आणि मध्ये ती कांडी. 'स्वेट' वाचल्यावर मला ते नाटक वाचावेसे वाटते. वर्गलढ्याच्या आत जात किंवा वर्ण कसा काम करतो, हे भाषणाविना कसे दाखवावे, याचा धडा नॉटेज देते. नाटकात एक उणीवही आहे. ऑस्करला लेखिकेने पुरेसे बोलू दिलेले नाही. सर्वांत खाली असलेल्याचे मन तिथेही अर्धवटच उघडते. मात्र आपल्या हौशी मंडळींना करता येईल असे हे नाटक आहे. वास्तववादी शैली, जवळजवळ एकच नेपथ्य आणि प्रत्येक पात्राला भरपूर काम.

दुसरे नाटक अँटोनेट न्वांडू यांचे 'पास ओव्हर'. २०१७ मध्ये शिकागोत त्याचा प्रयोग झाला. रस्त्याचा एक कोपरा, दिव्याचा एक खांब, मोझेस आणि किच हे दोन कृष्णवर्णीय तरुण. त्यांना तिथून निघायचे आहे, चांगल्या जागी पोहोचायचे आहे, आणि ते निघू शकत नाहीत. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चा सांगाडा आणि बायबलातील मोझेसने आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढल्याची कथा, यांची ही सांगड आहे. बेकेटच्या पात्रांना वाट पाहण्याचे कारण ठाऊक नसते. या दोघांना ते पक्के ठाऊक आहे. कोपरा सोडला तर पोलीस गोळी घालील.

दोघे मित्र एकमेकांना ज्या वंशवाचक शब्दाने हाका मारतात तोच शब्द तिथे आलेल्या गोऱ्या गृहस्थाच्या तोंडी कसा बदलतो, हा नाटकातील एक विलक्षण भाग आहे. आपल्याला तो लगेच कळतो. आपली आजी घरात जातीचे नाव घेते तेव्हा ते घरातले असते, आणि तेच नाव चावडीवरून येते तेव्हा हात आपोआप आवळले जातात. भाषांतर करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होईल.

परंतु मी या नाटकाची शिफारस करतो ती त्याच्या शेवटासाठी, किंवा खरे तर त्याच्या दोन शेवटांसाठी. मूळ नाटकात मोझेस मारला जातो. मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, अमेरिका पेटली. ऑगस्ट २०२१ मध्ये महामारीनंतर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पुन्हा पडदा उघडला तो याच नाटकाने, ऑगस्ट विल्सन यांच्या नावाच्या नाट्यगृहात. त्या प्रयोगासाठी लेखिकेने शेवट बदलला. मोझेस जगतो. कृष्णवर्णीय प्रेक्षकाला आणखी एक प्रेत दाखवायचे नाही, ही तिची भूमिका होती. कोणी म्हणेल, ही तडजोड झाली, वास्तवाला पाठ दाखविणे झाले. मलाही प्रथम तसेच वाटले. मग ट्रॉलीसमोरून उठून गेलेल्या बायका आठवल्या. मोझेसचा मृत्यू गोऱ्या प्रेक्षकाला काही शिकवीत असेल, काळ्या प्रेक्षकाला त्यातून नवे काय कळणार? आपल्या किती नाटकांत आणि एकांकिकांत शेवटी आपलाच माणूस मरतो, याची मोजदाद एकदा केली पाहिजे. आणि प्रत्येक वेळी तो कोणाच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून मरतो, हेही विचारले पाहिजे.

तिसरे नाटक जॅकी सिब्लीज ड्रुरी यांचे 'फेअरव्ह्यू'. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम प्रयोग, २०१९ चे पुलित्झर पारितोषिक. पहिल्या अंकात एक सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंब आजीच्या वाढदिवसाच्या जेवणाची तयारी करीत आहे. दूरदर्शनवरील हलक्याफुलक्या मालिकेसारखा सारा मामला. दुसऱ्या अंकात तोच पहिला अंक पुन्हा होतो, पण आता पात्रांचे शब्द ऐकू येत नाहीत. त्यांच्याकडे पाहत बसलेल्या गोऱ्या माणसांच्या गप्पा तेवढ्या ऐकू येतात. आपल्याला वंश निवडता आला असता तर कोणता निवडला असता, अशा त्या गप्पा. तिसऱ्या अंकात हेच गोरे लोक त्या कुटुंबातील माणसांच्या भूमिका घेऊन घरात घुसतात. काळे असणे म्हणजे काय याची त्यांच्या डोक्यातील जी चित्रे आहेत, व्यसन, कर्ज, नको असलेले मूल, ती सारी ते त्या घरावर लादतात. शेवटी घरातील तरुण मुलगी, किशा, नाटक थांबविते आणि प्रेक्षागृहातील गोऱ्या प्रेक्षकांना विनंती करते की त्यांनी उठून रंगमंचावर यावे. इतरांनी बसून राहावे. एकदा तरी पाहणारे आम्ही असू, आणि पाहिले जाणारे तुम्ही.

हे नाटक वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. आपल्याकडे हे करता येईल काय? काळ्या-गोऱ्यांचा भेद कातडीवर लिहिलेला आहे. आपल्याकडे तो आडनावात, वस्तीच्या नावात, जेवणाच्या डब्यात आणि दाखल्यात लिहिलेला आहे. एखाद्या शहरी नाट्यगृहात आपल्या मुलीने पुढे येऊन म्हटले की सवर्णांनी उठून रंगमंचावर यावे, तर कोण उठेल? बरेचजण म्हणतील, आम्ही जात मानत नाही. ते बसून राहतील. आणि आपल्यापैकी जे आडनाव बदलून, भाड्याच्या घरासाठी जात लपवून त्या वस्तीत राहतात ते काय करतील? शेजारी उठला तर त्यांनाही उठावे लागेल, नाहीतर त्यांचे बसणेच त्यांची जात सांगेल. तेव्हा 'फेअरव्ह्यू'चे जसेच्या तसे रूपांतर आपल्याकडे फसेल, आणि करू नये. पण ते का फसेल, हे जो नाटककार मांडील तो जातीचे असे रूप दाखवील जे वर्णभेदाच्या तुलनेत नेहमी निसटते. ते न उठणे, ती चुळबुळ, हाच आपला तिसरा अंक आहे. तरुण लेखकांनी या नाटकाचे अनुकरण न करता त्याच्याशी भांडण करावे.

चौथे नाटक अलीशा हॅरिस यांचे 'व्हॉट टू सेंड अप व्हेन इट गोज डाउन'. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला मूव्हमेंट थिएटर कंपनीने ते सादर केले. याला नाटक म्हणावे की विधी, असा प्रश्न पडतो. वर्णद्वेषी हिंसेत गेलेल्या माणसांसाठी जमलेली ही एक सभा आहे. सुरुवातीला जमलेले लोक वर्तुळात उभे राहतात. आपण काय पाहिले, काय सोसले, याची कबुली देतात. गेलेल्याचे नाव सारे मिळून उच्चारतात. मग छोटे प्रवेश, गाणी, विडंबन. कोणीही पाहायला येऊ शकतो, परंतु हे कृष्णवर्णीयांसाठी आहे हे आधीच स्पष्ट सांगितलेले असते. शेवटचा विधी तर कृष्णवर्णीयांपुरताच राखलेला. इतरांना बाहेरच्या दालनात जाण्यास सांगितले जाते.

हे वाचून आपल्यातील काहींना खटकेल. आम्ही वेगळे काढले जाण्याविरुद्ध लढलो, आणि आता आपणच इतरांना बाहेर काढायचे? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु घरातून हाकलणे आणि दुःखाच्या घटकेला घरच्यांनी दार लोटून बसणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले गेले. या तारखांना आपण अभिवादन सभा घेतो. हार, मेणबत्ती, मग भाषणे, आणि भाषणांत पुढाऱ्यांचेच एकमेकांना टोले. ज्या बाईचा मुलगा गेला ती मंचाच्या खाली बसलेली असते. हॅरिस यांच्या नाटकापासून आपण उचलावे ते हे, की अशी सभा त्या बाईसाठी कशी रचता येईल, तिला बोलण्याची, रडण्याची आणि हसण्याचीही मुभा कशी देता येईल. त्यासाठी नाट्यगृह नको, समाजमंदिर पुरे.

या चार नाटकांची शिफारस करताना मी मराठी रंगभूमीला रिकामी ठरवीत नाही. २०१२ मध्ये जालना जिल्ह्यातील मंडळींनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' उभे केले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, संभाजी भगत यांची संकल्पना आणि गाणी. ज्या राजाच्या नावाने वस्त्यांवर दगड पडतात त्याचे विचार कोणाच्या डोक्यात बसतात, हा प्रश्न त्यांनी यमाच्या फेऱ्यातून आणि शाहिरी सवाल-जवाबातून लोकांपुढे ठेवला, आणि दोन्ही बाजूंचा प्रेक्षक एकाच तंबूत हसला. त्याच वर्षी गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांनी केले. फुल्यांचे नाटक झाडू हातात असलेल्या माणसांनी उभे केले तेव्हा प्रेक्षागृहातला माणूसही बदलला. 'कोणासमोर' हा प्रश्न आपल्याकडेही कोणीतरी विचारीत आहे, याचा हा पुरावा आहे. तो सर्वांनी विचारावा, एवढेच माझे म्हणणे.

काही व्यावहारिक सूचना. या नाटकांच्या छापील संहिता मिळतात. प्रयोग करायचा असेल तर लेखकाची रीतसर परवानगी घ्यावी. आपल्या शाहिरांची गाणी परस्पर वापरली गेल्याची तक्रार आपण करतो, तीच गोष्ट आपण दुसऱ्यावर करू नये. भाषांतर बोलीत व्हावे, ग्रांथिक मराठीत ही माणसे गुदमरतील. नुसती नावे बदलून मोझेसचा मोहन करू नये. आधी अभ्यासवर्गात वाचन करावे, भांडावे, आणि मग आपले नाटक लिहावे.

सवर्ण प्रेक्षक नकोच, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच्यासमोरही आपण उभे राहू, त्याला प्रश्न विचारू. परंतु त्याच्या टाळीवर आपल्या नाटकाचा शेवट ठरू नये. फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. आपल्या पहिल्या नाटकाचे पहिले प्रेक्षक ते परीक्षक होते. आज आपण पुष्कळ परीक्षक पार केले आहेत, तरी लिहिताना तेच डोळ्यांसमोर येतात. निदान माझ्या तरी येत होते.

माझी ती एकांकिका मी बाजूला ठेवली आहे. सध्या आम्ही 'स्वेट'मधील सिंथिया आणि ट्रेसीचा एक प्रवेश आपल्या बोलीत वाचून पाहत आहोत. पहिले जाहीर वाचन महाविद्यालयात करायचे नाही, ज्या वस्तीतून बायका उठून गेल्या तिथल्या समाजमंदिरात करायचे, असे विद्यार्थ्यांनी ठरविले आहे. त्या मुलीने ट्रेसीचे, म्हणजे गोरीचे काम मागून घेतले आहे.